तुझ्या डबीत माझ्या गोळ्या

ये गं माय, जवळ ये. अशी पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर काय बसतीस, नीट मांडी घालून बस. आता तू म्हणशील, आई, मी लातुरात आणि तुम्ही नांदेडात, जवळ येऊ कशी? कागदावर ये. फोनवर तर तू मला बोलूच देत नाहीस. "जेवलात का? बाबांचा गुडघा कसा हाय? बरं, ठेवते मग." मी जरा त्या गोष्टीकडं वळले की तुझ्या कुकरची शिट्टी होते. दर वेळेला होते. एवढी डाळ खातंय तरी कोण गं तुमच्या घरी? सासूला असं गप्प करू नये. तुला वाटतं, म्हातारीला वाईट वाटेल, कशाला उकरायचं. उकरू दे. मला वाईट वाटू दे.

तुला माहीत आहे तेही मी पहिल्यापासून लिहिणार आहे. हे तुझ्या एकटीसाठी नाही, आणखी चार बायांनी वाचावं म्हणूनही आहे, आणि त्या बिचाऱ्यांना तू कोण, मी कोण, काय कळणार? तर बायांनो, ही माझी सून, एकुलत्या एका मुलाची बायको, माहेर लातूरजवळच्या मुरुडचं. नाव कुणाचंच घालत नाही. जिची लाज वाटावी ती बाई मी आहे, एवढं कळलं तरी बास.

माझं शिक्षण चौथी. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या खेड्यात पुढं शाळाच नव्हती. लग्न होऊन नांदेडला आले. हे शाळेत मास्तर, घरात रोज पेपर यायचा, तो वाचून वाचून मी लिहा-वाचायला पक्की झाले. इंग्रजी मात्र शिकले ती रिपोर्टवरून. खोटं न्हाई सांगत. पंचविसेक वर्षं झाली असतील, माझी गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी सुस्तावली, तेव्हाच्या डॉक्टरांनी मला कागदावर तीन अक्षरं दाखवली. टी एस एच. म्हणाले, "काकू, एवढंच ध्यानात ठेवा. हा आकडा वर गेला की गोळी कमी पडतीय, वाढवायची. आकडा खाली आला की गोळी जास्त होतीय, कमी करायची." चौथी शिकलेल्या बाईच्या हातात किल्लीच दिली की त्यांनी.

मग काय. आमच्या गल्लीत घराआड एक थायरॉइडवाली. रिपोर्ट आला की आधी माझ्याकडं. "मावशी, बघा ना, काय म्हणतंय?" मी चष्मा लावायची, टी एस एचवर बोट ठेवायची आणि निकाल द्यायची. हिमायतनगरची नणंद तर फोनवर आकडे वाचून दाखवायची. हे वट्यावरून म्हणायचे, "उघडलं का थायरॉइडचं दुकान? बोर्ड लावू का दाराला?"

मी म्हणायची, "लावा की. तुमचंच अक्षर चांगलं हाय."

मला ते सगळं लई आवडायचं. हे आधी कबूल करून ठेवते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

आता तुझं बाळंतपण. पहिलं, म्हणून तू माहेरी. लातूरच्या दवाखान्यात पोरगी झाली आणि तुझं रक्त काही थांबेना. आम्ही दोघं नांदेडहून पोचलो तोवर तुझा भाऊ रक्ताच्या पिशव्यांसाठी धावून धावून बेजार झालेला. तुझी आई भिंतीला टेकून नुसती बसलेली. तू वाचलीस. पोरगी धडधाकट. सगळ्यांनी हात जोडले, आणि त्यानंतर त्या रक्ताचा विषय कुणी काढला नाही. झालं गेलं.

दूध मात्र आलं नाही. एक थेंब नाही. मी मुरुडला मुक्काम ठोकला. अळिवाची खीर, शतावरी, मेथीचे लाडू, सगळं केलं. दहाव्या दिवशी तुझ्या आईच्या देखत म्हणाले, "आमच्या घरात आजवर असं कुणाचं झालं न्हाई. मनातच नसंल तर दूध यावं कुठून?" तुझी आई पाळण्याकडं तोंड करून बसली. विहीणबाईंचं ते पाठमोरं बसणं मला आज आठवतं, त्या दिवशी दिसलंसुद्धा नव्हतं.

पुढं साडेतीन वर्षं तू अशीच. दोन बादल्या कपडे वाळत घातलेस की जिन्यात बसायचीस. केस गळायचे. पाळी परत आलीच नाही; मी म्हटलं, बरंय, कटकट गेली. नांदेडच्या मे महिन्यात माणसं ओल्या फडक्याखाली झोपतात आणि तू अंगावर शाल घ्यायचीस. मी गल्लीत हसून सांगायची, "आमच्या सूनबाईला उन्हाळ्यात थंडी वाजती." एकदा मीच तुला धरून लॅबमध्ये नेलं, टी एस एच तपासलं. आकडा अगदी मधोमध, जिथं असायला हवा तिथं. बोट ठेवून मी निकाल दिला: थायरॉइड न्हाई, आळस हाय. आठवतं ना तुला? मला पक्कं आठवतं, कारण तेव्हा शेजारीण बसली होती आणि तीही हसली होती.

मग तुझ्या भावाच्या लग्नात, मुरुडला, हळदीच्या दिवशी तू उलट्या करून करून खाली पडलीस. लातूरला नेलं. साखर खाली, रक्तातलं मीठ खाली, बीपी लागेना. तिथं हार्मोनचे डॉक्टर बोलावले. सावकाश बोलणारे, साधे. त्यांनी तुझ्या आईला दोनच प्रश्न विचारले. बाळंतपणात रक्त जास्त गेलं होतं का? आणि नंतर दूध आलं होतं का?

ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं साडेतीन वर्षं माझ्याकडं होती. मी ती फक्त टोमण्यासाठी वापरली.

मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते म्हणे. बाकी सगळ्या ग्रंथींना हुकूम सोडणारी. गरोदरपणात ती मोठी होते, तिला रक्त जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच रक्त वाहून गेलं तर ती सुकते. तुझी सुकली होती. तुझ्या गळ्यातली थायरॉइड चांगली होती, पण तिला काम कर म्हणून सांगणारं वर कुणी उरलं नव्हतं. डॉक्टरांनी आधी दुसऱ्या एका हार्मोनची गोळी सुरू केली, अंगात तग धरायला लागते ती. ती लागू पडल्यावर मग थायरॉइडची. हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेततं, असं त्यांनी दोनदा बजावलं. आणि आणखी एक सांगितलं: हिचं टी एस एच कधी बघायचं नाही. फक्त टी फोर, म्हणजे रक्तात थायरॉइडचं हार्मोन किती आहे ते बघायचं, आणि त्यावरनं गोळी ठरवायची.

हे त्यांनी तुम्हा नवरा-बायकोला सांगितलं. मी बाहेर पोरीला बिस्किट चारत होते. पण परतीच्या बसमध्ये तू मला एक-एक गोष्ट सांगितलीस. चाकूरपासून अहमदपूरपर्यंत तू सांगत होतीस आणि मी हूं हूं करून खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. तेवढी पळवाट तू ठेवली नाहीस.

गोळी हळूहळू वाढवत शंभरवर आली आणि तू काय सुधारलीस गं! कणीक मळताना गुणगुणायला लागलीस. पोरीच्या मागं जिना चढून गच्चीवर जायला लागलीस. ह्यांनी तर एकदा मला हळूच विचारलं, "ही आपलीच सून ना?" तेव्हा तुझ्या थायरॉइडच्या गोळ्यांची डबी मी माझ्याकडं घेतली. सात वारांचे सात कप्पे. दर रविवारी सकाळी माझी डबी आणि तुझी डबी शेजारी ठेवून भरायची. तू म्हणायचीस, "आई, मी भरते की." मी म्हणायची, "राहू दे, माझा हात बसलाय." तुझी बाटली आणि माझी, दोन्ही माझ्याच कपाटात; तुझी ती तग धरायची गोळी तेवढी तू तुझ्याजवळ ठेवायचीस. प्रेमानं करत होते, हे खरं आहे. नुसत्या प्रेमानं करत होते, हे खरं नाही.

दसऱ्याच्या आधी तुझी तपासणी होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकटं टी फोर लिहिलं होतं, लॅबवाल्यानं सवयीनं थायरॉइडच्या तिन्ही तपासण्या करून टाकल्या. पोरीला कांजण्या आल्या म्हणून लातूरचं जाणं रद्द झालं. तू दवाखान्यात फोन करून टी फोरचा आकडा सांगितलास. तिकडून निरोप आला, बरोबर आहे, हीच गोळी चालू ठेवा, तीन महिन्यांनी या. विषय संपला होता.

माझ्यासाठी संपला नव्हता. मी चष्मा लावला, बोट ठेवलं. टी एस एच शून्य पॉइंट शून्य चार, आणि बाजूला ठळक काळा एल, म्हणजे लो. पंचवीस वर्षांत एवढा खाली गेलेला आकडा मी बघितला नव्हता.

"अगं, लई जास्त होतीय गोळी तुला," मी म्हणाले. "काळीज धडधडंल, हाडं ठिसूळ होतील. कमी करा म्हणावं डॉक्टरला."

"न्हाई आई, माझं टी एस एच बघायचंच नसतं. तुम्हाला सांगितलं होतं की. टी फोर बघा, ते बरोबर हाय."

"मग पंचवीस वर्षं मी काय गवत उपटलं का?"

तू हसलीस. वाईट नाही हसलीस, लाडानंच हसलीस, आणि पोरीला कडुनिंबाच्या पाण्यानं पुसायला आत गेलीस. पण शेजारीण बसली होती, आणि ह्या वेळेला ती माझ्याकडं बघून हसली.

त्या रविवारी मी तुझ्या डबीत तुझ्या बाटलीतली शंभरची गोळी टाकली नाही. माझ्या बाटलीतली पन्नासची टाकली. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, दोन्ही शर्टाच्या गुंडीपेक्षा बारीक. तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं नसतंस, म्हणून सांगितलं नाही. मनात काय होतं तेही लिहिते. महिना-दोन महिन्यांत तुझा आकडा ठीक येईल, मग मी सगळ्यांसमोर सांगेन, बघा, डॉक्टरच्या आधी मला कळलं होतं. तुझ्या काळजीपेक्षा त्या सांगण्याची घाई मला जास्त होती.

दिवाळी बरी गेली. त्यानंतर तू उतरायला लागलीस. आधी आवाज जड झाला. मग तोंडावर सूज. तूर निवडता निवडता सूप मांडीवर घेऊन झोपायचीस. दूध आठवड्यातून दोनदा उतू जायचं. पोरगी म्हणायची, "आजी, आई लई हळू बोलती." संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका आल्या, तर समोरच्या घरातल्या बाईचं नाव तुला आठवेना. तू वाण हातात धरून नुसती बघत राहिलीस तिच्याकडं.

मला दिसत होतं गं. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. रविवारी डबी भरताना हात थांबायचा. मी मनाशी म्हणायची, थंडीचे दिवस आहेत, सगळेच सुस्तावतात. आणि थांबलेला हात पुन्हा चालायचा. परत शंभर द्यायची म्हणजे पन्नास दिली होती हे कबूल करायचं. दुसऱ्या कुणाजवळ नव्हे, माझ्याच जवळ. तेवढंसुद्धा मला झालं नाही.

संक्रांतीनंतर लातूरला गेलो. ह्या वेळी मीही आत आले. तुझं टी फोर इतकं खाली होतं की डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला.

"गोळी चुकतीय का?"

"एकही न्हाई, सर," तू म्हणालीस. आवाज घोगरा, पण ठाम.

डॉक्टरांनी माझ्या मुलाकडं बघितलं. मुलानं माझ्याकडं बघितलं. तिघं जण माझ्या तोंडाकडं बघून राहिले होते. आणि मी म्हणाले, "डोक्यात राहत नसंल तिच्या. पोरीमागं धावपळ असती."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बोलले आहे. भांडणात बोलले, रागात बोलले, तुझ्या आईसमोर बोलले. पण ह्या वाक्याची बरोबरी करणारं दुसरं वाक्य माझ्याकडं नाही. इतकं मऊ आवाजात बोलले होते मी.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर सव्वाशेची गोळी लिहिली.

घरी आल्या आल्या मुलगा कपाटापाशी गेला. तुझी शंभरची बाटली काढली, झाकण उघडून तळहातावर ओतली. शंभर गोळ्यांची बाटली, दसऱ्याच्या तोंडावर आणलेली. एव्हाना संपत आलेली असायला हवी होती. जवळजवळ भरलेली निघाली.

"हे काय हाय?" तो तुला म्हणाला.

"अहो, मी रोज घेते. डबीत असती ती रोज घेते. विचारा आईंना, डबी रिकामी होती का न्हाई."

"मग ह्या काय आभाळातून पडल्या? डबीतल्या काढून परत बाटलीत टाकतीस का? खोटं कशाला बोलतीस? तुझ्यासाठीच धावून राहिलो ना मी लातूर-नांदेड?"

तू बाटलीकडं बघितलंस, मग स्वतःच्या हातांकडं. जणू त्या हातांनी तुझ्या नकळत काहीतरी केलं असावं. मी पोळी लाटत होते. लाटतच राहिले. ती पोळी एवढी पातळ झाली की पोळपाटावरून निघेना.

माझी पन्नासची बाटली त्या काळात दुप्पट लवकर संपली होती, हे कुणी बघितलं नाही. माझ्यावर कुणाचा संशय जाणार? गोळ्यांमधली जाणती बाई मी.

पुढच्या रविवारी मी तुझ्या डबीत शंभरची टाकली. सव्वाशेची नाही, कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. मनात हिशोब पक्का केला: पाच-सहा आठवड्यांत ही बरी होईल, गोळी वाढवली म्हणून गुण आला असं सगळ्यांना वाटेल, आणि ही गोष्ट माझ्याबरोबर जाईल. सगळं सुखरूप मिटत होतं. फक्त तू खोटारडी ठरून मिटत होतं.

तू स्वयंपाकघरात खिळ्याला कॅलेंडर लावलंस. गोळी घेतली की त्या तारखेवर पेनानं खूण. आणि एका सकाळी पाण्याचा पेला नि गोळी घेऊन माझ्यासमोर आलीस.

"आई, एक काम कराल? मी गोळी घेताना समोर उभ्या राहाल का? माझा माझ्यावर भरवसा न्हाई राहिला. हे म्हणतेत तेच खरं असंल. मला वाटतं मी घेतली, आणि घेतलेली नसती. तुम्ही डोळ्यानं बघितलं म्हणजे ह्यांना सांगता येईल ना तुम्हाला?"

पहिल्या दिवशी मी उभी राहिले. तू जीभ बाहेर काढून दाखवलीस, लहान लेकरू दाखवतं तशी, की बघा, गिळली. दुसऱ्या दिवशीही उभी राहिले. हेही लिहिते, कारण वाचणाऱ्या बायांना वाटेल की मी लगेच कबूल झाले. नाही. दोन दिवस मी तुझी जीभ बघितली.

तिसऱ्या दिवशी तू तोंड उघडलंस आणि मला ते बघवेना. मी म्हणाले, "बंद कर ते तोंड. तू न्हाई चुकवली. मी बदलली."

"काय बदललं?"

"गोळी. तुझ्या डबीत माझ्या टाकत होते. पन्नासच्या. तुझा आकडा खाली होता म्हणून."

तू पेला खाली ठेवलास. "कधीपासून?"

"दसऱ्यापासून. आता शंभरच देतीय, पंधरा दिवस झाले."

मला वाटलं आता ओरडशील. भांडं फेकशील. मुरुडला फोन लावशील. तू कॅलेंडरवर खूण केलीस, पेला विसळून पालथा घातलास आणि म्हणालीस, "म्हणजे मी विसरत नव्हते."

आणि तुझं तोंड उजळलं गं. त्या सुजलेल्या तोंडावर इतका आनंद, जणू मी तुला काहीतरी बक्षीस दिलं होतं. आपलं डोकं ठिकाणावर आहे, एवढंच कळून तुला हसू आलं. मी तुझं डोकंसुद्धा तुझ्याकडून काढून घेतलं होतं, हे मला त्या हसण्यानं दाखवलं. दुसऱ्या कशानं दाखवलं नसतं.

मुलाला मीच सांगितलं, त्याच दिवशी, ह्यांच्यासमोर. त्यानं तुझी माफी मागितली, माझ्या देखत मागितली, ते बरं केलं. माझ्याशी आठवडाभर बोलला नाही, तेही बरं केलं. ह्यांनी फक्त तुझी डबी उचलून तुझ्या हातात दिली. टोमणा मारला नाही. ह्यांनी टोमणा मारला नाही तेव्हा मला कळलं की मी कुठवर खाली गेले आहे.

लातूरला परत गेलो तेव्हा मी तुला बोलू दिलं नाही. डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, चूक तिची न्हाई. गोळ्या मी बदलल्या, आणि मागच्या वेळेला तुमच्यासमोर खोटं मीच बोलले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "काकू, तुमच्या घरी टाकीतलं पाणी संपलं की काय होतं?"

"काय होणार, मी ओरडते. मोटार लावा म्हणून."

"टी एस एच म्हणजे ते ओरडणं. तुमचं डोकं ओरडतंय, म्हणून तुमचा आकडा कामाचा. जास्त ओरडलं तर गोळी वाढवायची, गप्प झालं तर कमी करायची. तुम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांनी बरोबर शिकवलं. पण हिच्या घरात ओरडणारं माणूसच आजारी हाय. आवाज येत न्हाई म्हणजे टाकी भरली, असं कसं होईल? हिच्या टाकीत वाकून बघावं लागतं. टी फोर म्हणजे ते वाकून बघणं."

लातुरात राहणारा माणूस, पाण्यावाचून दुसरं कशाचं उदाहरण देणार. पण मला पहिल्यांदा समजलं. आणि समजायला किती सोपं होतं, ह्याचीच जास्त लाज वाटली. बसमध्ये तूही जवळजवळ हेच सांगितलं होतंस.

मग ते म्हणाले, "मी सव्वाशे लिहून दिली होती. तुम्ही बोलला नसता तर पुढं आणखी वाढवली असती मी. माझ्याकडं येणारी गोष्टच खोटी असंल तर मी तरी काय करणार?" ओरडून नाही म्हणाले. सव्वाशेवर रेघ मारली, शंभर लिहिलं. सहा आठवड्यांनी, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायला सांगितलं. मला बाहेर थांबा म्हणाले नाहीत. थांबा म्हणाले असते तरी चाललं असतं.

गल्लीत पाच घरं अशी होती जिथं माझ्या सांगण्यावरून गोळी कमी-जास्त झाली होती. पाचही घरी गेले. "माझं ऐकू नका, डॉक्टरला दाखवा," म्हणाले. एक जण हसली, "मावशी, दुकान बंद का?" मी 'हाव, बंद' म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. कारण मात्र एकाही घरी सांगितलं नाही. तेवढी इज्जत मी तेव्हाही वाचवली. आज हे लिहून ती सोडतीय.

तू बरी झालीस. सूज उतरली, आवाज परतला, टी फोर जिथं हवं तिथं आलं. जूनमध्ये मुलाची बदली लातूरला झाली आणि तुम्ही गेलात. दवाखाना जवळ, माहेर जवळ, सगळं चांगलंच झालं. जाताना तू माझ्या पाया पडलीस. त्या आधीच्या चार महिन्यांत आणि त्यानंतर आजपर्यंत तू मला एक शब्द वाकडा बोलली नाहीस. मी विषय काढला की म्हणतेस, "जाऊ द्या आई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं."

मुद्दाम केलं गं. नुकसान करायचं म्हणून नाही, पण लपवून केलं म्हणजे मुद्दामच केलं. आणि तू 'जाऊ द्या' म्हणालीस की मला हायसं वाटतं, आणि हायसं वाटलं की परत लाज वाटते. तुझ्या चांगुलपणाआड तू किती दिवस उभी राहणार? मला कळायला लागलं आहे की तू गप्प आहेस म्हणजे तुझं मन भरलंय असं नाही. आत काय आहे ते मला बघायचं आहे, आणि ते मी फोनवर बघू शकत नाही.

दिवाळीपर्यंत थांबू नको. त्याला सुट्टी मिळाली नाही तर नसू दे, तुम्ही दोघीच या. सकाळची गाडी धरलीस तर जेवणाच्या वेळेला पोचशील. पोरीला हे वट्यावर घेऊन बसतील. तू माझ्याशी भांड. दुधाबद्दल भांड, शालीबद्दल भांड, तुझ्या आईला बोलले त्याबद्दल भांड. ते डॉक्टरांसमोरचं वाक्य मला माझ्या तोंडावर ऐकव. मी मध्ये बोलणार नाही. अवघड आहे, पण नाही बोलणार. किती दिवस लागतील तितके दिवस राहा. लवकर ये माय, ह्याच महिन्यात ये.